‘गॉब्लिन’ : माणूस मोठा की नशिबाची यादी?

कोरियन मालिका हा काही या पानाचा नेहमीचा विषय नव्हे. शिष्यवृत्तीचे हप्ते थकले आहेत, ॲट्रॉसिटीचे खटले वर्षानुवर्षे रखडले आहेत, आणि वकील बाई टीव्हीवरच्या भुताखेतांवर लिहीत बसल्या, असे कुणी म्हटले तर ते रास्तच ठरेल. पण हा विषय मी निवडलेला नाही. आमच्या विहारात दर रविवारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. तिथे बारावीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "ताई, पुनर्जन्म नाही असं आपण म्हणतो. मग कोरियातले बुद्धिस्ट लोक माणसाला चार जन्म असतात असं का म्हणतात?"

मी तिला विचारले, हे कुठे वाचलेस? ती म्हणाली, वाचलं नाही, ‘गॉब्लिन’मध्ये पाहिलं. वर्गातल्या निम्म्या मुली हसल्या. म्हणजे निम्म्या मुलींनी ती मालिका पाहिली होती! मागे बसलेल्या उपासिकांना ‘गॉब्लिन’ म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. पुढचे तीन आठवडे कोर्टाची कामे आटोपून रोज रात्री मी मुलीच्या मोबाइलवर सोळाच्या सोळा भाग पाहिले. एकेक भाग तास-सव्वा तासाचा. शेवटच्या भागांत मी रडलेसुद्धा, आणि रडता रडता लेखिकेवर चिडलेही. असे का झाले, ते आज मांडते.

आधी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. ही मालिका दक्षिण कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर 2 डिसेंबर 2016 ते 21 जानेवारी 2017 या काळात दाखवली गेली. लेखिका किम उन-सूक, दिग्दर्शक ली उंग-बोक. 2017 मध्ये बेकसांग पुरस्कारांत दूरचित्रवाणी विभागाचा सर्वोच्च सन्मान या लेखिकेला मिळाला. नायक किम शिन हा गोर्यो राजवटीच्या काळातला सेनापती. लढाया जिंकून तो परत येतो. त्याची लोकप्रियता तरुण राजा वांग यो याला सलते, आणि कपटी मंत्री पार्क जुंग-हॉन राजाचे कान भरतो. राजवाड्याच्या दारात सेनापतीला त्याच्या माणसांसह मारले जाते. त्याची बहीण ही राजाची राणी, तीही बाणाने मारली जाते. प्रेत कुणी उचलायचे नाही, असा हुकूम निघतो. पुढे सेनापती छातीत तलवार घेऊन उठतो तो अमर होऊन, म्हणजे कोरियन लोककथांमधला ‘दोक्केबी’ होऊन. नऊशेहून अधिक वर्षे तो जगतो आहे. ती तलवार फक्त त्याची नियोजित नवरी उपसू शकेल, आणि तिने ती उपसली की तो मरेल. ही नवरी म्हणजे जी उन-ताक. आई वारलेली, मावशीच्या घरी मार खात वाढलेली, भुते दिसणारी शाळकरी मुलगी. या जोडीला एक यमदूत आहे. त्याला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही, आणि तो सेनापतीच्याच घरात भाडेकरू म्हणून राहतो. हाच पूर्वजन्मीचा राजा. आणि यमदूत ज्या सनी नावाच्या बाईवर जीव टाकतो ती पूर्वजन्मीची राणी. आता ती तळलेल्या कोंबडीचे छोटेसे हॉटेल चालवते.

एवढे ऐकून आपल्यातला जाणता माणूस म्हणेल, आत्मा, पुनर्जन्म, देव, यमदूत, सगळा अंधश्रद्धेचा बाजार आहे, टाका बाजूला. मीही पहिल्या दोन भागांत हेच म्हणत होते. पण खटला ऐकून न घेता निकाल देऊ नये, हे निदान माझ्या व्यवसायाने मला शिकवले आहे.

मालिकेच्या पहिल्याच भागात मी थांबले. देव सेनापतीला अमर करतो ते बक्षीस म्हणून, आणि शिक्षा म्हणूनही. शिक्षा कशाबद्दल? तर त्याच्या तलवारीला हजारोंचे रक्त लागले आहे. ते शत्रू असतील, पण तीही माणसेच होती, त्यांचेही कुणी होतेच. देशासाठी मारले म्हणून रक्त धुतले जात नाही, असे ही मालिका सुरुवातीलाच ठणकावते. मनोरंजनाच्या मालिकेत, तेही नायकाबद्दल, हे ऐकायला मिळेल असे मला वाटले नव्हते. कलिंगाच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात मेलेल्यांचे, पकडून नेलेल्यांचे आकडे स्वतःच कोरून ठेवले, पश्चात्ताप दगडावर लिहिला. तो वारसा सांगणाऱ्या आपल्या मुलांनी हा प्रसंग पाहिला तर बिघडले काय? आपल्याकडच्या पौराणिक मालिकांत युद्ध संपले की वरून फुले पडतात. इथे विजेत्याच्या छातीत तलवार रुतून राहते.

दुसरा प्रसंग त्याहून मोलाचा. 1968 साल, शहर पॅरिस. परदेशी घरात दत्तक दिलेला एक कोरियन मुलगा छळाला कंटाळून पळून निघाला आहे. दोक्केबी त्याला अडवतो, खायला सँडविच देतो, परीक्षेतल्या एका गणिताचे खरे उत्तर सांगतो आणि परत पाठवतो. बस्स, एवढेच. काही दशकांनी तो मुलगा म्हातारा होऊन मरतो तेव्हा दोघांची पुन्हा भेट होते. म्हातारा सांगतो की, ते गणित मला सोडवता आले नव्हते, म्हणून तुम्ही सांगितलेले उत्तर मी लिहिलेच नाही. तो वकील झाला आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या उपयोगी पडत राहिला, कारण त्याला त्या सँडविचचे देणे फेडायचे होते. त्यावर दोक्केबी त्याला जे सांगतो त्याचा आशय असा : बहुतेक माणसे चमत्कार पाहिला की तिथेच थांबतात आणि आणखी एक चमत्कार द्या म्हणून हात पसरतात. तू थांबला नाहीस. तुझे आयुष्य तू स्वतः बदललेस.

वाचकहो, हे कोण बोलते आहे? ज्याच्या मुठीत चमत्कार आहेत तोच. ‘अत्त दीप भव’ हे आपण गाथेत म्हणतो, भिंतीवर लिहितो. एका कोरियन मालिकेत एका अमर देवमाणसाने एका वकिलापुढे तेच कबूल करावे, याचा मला मनापासून आनंद झाला. (वकील असल्यामुळे थोडा जास्तच झाला, हे मान्य करते.)

आणि तिसरा प्रसंग. हा मी मुलीला दोनदा मागे घ्यायला लावला. शाळेचा निरोप समारंभ आहे. प्रत्येक मुलीच्या हातात फुले, शेजारी आई. उन-ताक एकटी. तिची वर्गशिक्षिका वर्षभर तिच्याशी तुसडेपणाने वागली आहे. पोरकी, गरीब, म्हणजे ही सिगारेट ओढत असणार, वाईट वळणाची असणार, असा सरळ हिशेब. तेवढ्यात लाल पोशाखातली एक बाई येते. ती ‘समशिन’, कोरियन लोकश्रद्धेतली जन्म देणारी आजी. ती पोरीला पोटाशी धरते, हातात गुच्छ देते. गुच्छ कशाचा? कापसाच्या बोंडांचा! यवतमाळच्या बाईला हे पाहून काय वाटले असेल ते सांगायला नको. आमच्याकडे पऱ्हाटी म्हणजे कर्ज, फवारणी आणि वेचणीची मजुरी. तिचा कुणी गुच्छ करून लेकराला देईल, हे डोक्यातच आले नव्हते. मग ती बाई शिक्षिकेकडे वळते आणि अगदी शांतपणे विचारते, याहून चांगली शिक्षिका तुला होता आले नसते का गं? शिक्षिकेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागते. का, ते तिचे तिलाही कळत नाही.

या प्रसंगात देव कुणाला शाप देत नाही, वीज पाडत नाही. फक्त एक प्रश्न विचारतो. तो प्रश्न आपल्यापैकी किती जणांच्या शिक्षकांना विचारायचा राहून गेला आहे! वर्गात मागच्या बाकावर बसवले गेलेले, पाण्याच्या माठापासून हटकले गेलेले, फीच्या सवलतीसाठी सगळ्यांसमोर उभे केले गेलेले लोक हे पान वाचतात. त्यांना वेगळे सांगायला नको. आणि मालिकेची खरी ताकद इथेच आहे. जिथे ती गरीब पोरीच्या रोजच्या जगण्याजवळ जाते तिथे ती एकदम खरी होते. दोक्केबी प्रकट झाल्यावर ही मुलगी त्याच्याकडे काय मागते? राज्य नाही, सोने नाही. अर्धवेळ नोकरी, मावशीच्या जाचातून सुटका, आणि जमले तर एक प्रियकर! खोलीत एकटी मेलेली एक तरुणी भूत होऊन उन-ताककडे येते ती एवढेच मागायला, की माझी आई सामान न्यायला येईल, तिला माझा फ्रिज रिकामा दिसू नये, तो भरून ठेव. परीक्षांची तयारी करत कोंदट खोल्यांत राहणारी आपली पोरे पुण्यात सदाशिव पेठेच्या आसपास काही कमी नाहीत. घरी फोनवर "जेवलो" म्हणून सांगणारी.

मग मी चिडले कशावर?

पहिली गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात येत नाही, कारण ती फार गोड करून दाखवली आहे. सेनापती मेल्यावर त्याचा निष्ठावान सेवक आपल्या नातवाला घेऊन येतो आणि सांगतो, माझ्यानंतर हा तुमची सेवा करील. तेव्हापासून नऊशे वर्षे त्या यू घराण्यातला एकेक पुरुष दोक्केबीची चाकरी करतो. आजचा वारस यू दोक-ह्वा हा आजोबांकडून क्रेडिट कार्ड मिळावे म्हणून धडपडणारा श्रीमंत, खुशालचेंडू पोरगा आहे, आणि तो दोक्केबीला काका म्हणतो. घराणे गडगंज झाले आहे, कंपन्यांचे मालक आहे. म्हणजे चाकरी सुखाची आहे! पण चाकरी जन्माने ठरते, ती नाकारता येत नाही, आणि नाकारावी असे कुणाच्या मनातही येत नाही. मालिका याला निष्ठा म्हणते. आमच्या पूर्वजांच्या बाबतीत याला वतन म्हणत. महारवतनातही मान होता म्हणे, बलुते होते, जमीन होती. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले तेव्हा आपल्यातल्याच काहींना वतनाचा मोह सुटत नव्हता. बापाची चाकरी पोराच्या गळ्यात, ही रीत सोन्याच्या साखळीची असो की सुतळीची, ती साखळीच.

हे मी कोरियावर बाहेरून लादत नाही. कोरियाचा स्वतःचा इतिहास हेच सांगतो. तिथे ‘नोबी’ नावाचा जन्मजात दासवर्ग शतकानुशतके होता. सरकारी दासांपैकी बहुतेकांची मुक्तता 1801 मध्ये झाली आणि दास्याची प्रथा कायद्याने रद्द झाली ती 1894 च्या सुधारणांत. त्याहून खाली होते ‘बेकजोंग’, म्हणजे जनावरे कापणारे, कातडी कमावणारे. त्यांची वस्ती वेगळी आणि लग्नसंबंध आपसातच. कायद्याने भेद मिटला तरी समाजाने मिटवला नाही. शेवटी एप्रिल 1923 मध्ये जिंजू शहरात त्यांनी ‘ह्योंगप्योंगसा’ ही संघटना उभी केली. नावाचा अर्थ तराजूसारखी समता मागणारी संस्था. खाटकाच्या हातातला तराजूच त्यांनी समतेचे चिन्ह केला. आपला महाडचा सत्याग्रह 1927 चा. एकमेकांची भाषा न जाणणारी दोन माणसे चार वर्षांच्या अंतराने एकच गोष्ट मागत होती! हा इतिहास असलेल्या देशात नऊशे वर्षांची वंशपरंपरागत सेवा इतक्या लाडाने दाखवली जावी, आणि त्या नातवाच्या वंशात एकालाही "मी का म्हणून?" असा प्रश्न पडू नये, हे मला खटकले.

दोक्केबीचेही तेच. कोरियन लोककथांमधला दोक्केबी हा टाकून दिलेल्या जुन्या केरसुणीतून, रक्ताचा डाग लागलेल्या भांड्याकुंड्यांतून निपजणारा खोडकर प्राणी. वाटेत शेतकऱ्याशी कुस्ती खेळणारा, बकव्हीटच्या धान्याची वडी आवडीने खाणारा. तो गोरगरिबांचा सोबती. मालिकेने त्याला सेनापती केले, लांब कोट घातला, कॅनडातल्या क्वेबेक शहरात हॉटेलचा मालक केला. केरसुणीचा दोक्केबी उच्चकुलीन झाला. लोकांचे दैवत उचलायचे, त्याची वस्त्रे बदलायची आणि वरच्या माळ्यावर नेऊन बसवायचे, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळते. मालिकेत यमदूत सांगतो की माणसाला चार जन्म असतात : बी पेरण्याचा, पाणी घालण्याचा, पीक कापण्याचा आणि ते पीक वापरण्याचा. ऐकायला शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट वाटते, म्हणून गोड लागते. पण हा त्रिपिटकातला सिद्धांत नाही. ही लेखिकेची कल्पना आहे. आणि "कोरियातले बुद्धिस्ट" म्हणावे तर 2015 च्या जनगणनेत दक्षिण कोरियातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपला कोणताच धर्म नाही असे सांगितले, आणि बौद्ध होते साडेपंधरा टक्के. तेव्हा कोरियन टीव्हीवर जे दिसले ते बौद्ध तत्त्वज्ञान, असे समजण्याचे कारण नाही.

मात्र प्रश्न तिथे संपत नाही. तथागतांनी आत्मा नाकारला. मग कर्म आणि पुनर्जन्म यांचे काय, हा विसंगतीचा प्रश्न बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच उपस्थित केला आहे. ग्रंथात त्यांनी त्याचे उत्तरही दिले. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दैन्य ठरते हा सिद्धांत बुद्धाचा असू शकत नाही, आणि गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी यापलीकडे त्याचा उपयोग काय, असा त्यांचा रोख आहे. मिलिंदप्रश्नात राजा नागसेनांना विचारतो की, पुन्हा जन्मणारा तोच नसेल तर तो आधीच्या कृत्यातून सुटला नाही का? नागसेन आंबे चोरणाऱ्याचे उदाहरण देतात. चोर म्हणाला, मालकाने पेरला तो आंबा वेगळा आणि मी तोडला तो वेगळा, तर राजा त्याला सोडील का? वकिली म्हणून हा युक्तिवाद फर्डा आहे, मला तो फार आवडतो. पण तो लागू करायला चोर आणि चोरी समोर दिसावी लागते. मागच्या जन्मीची चोरी कोणत्या पंचनाम्यात सापडणार?

मालिकेतला यमदूत याच पेचात अडकला आहे. जुन्या जन्मी घोर पाप केलेले लोक यमदूत होतात, पण आपण काय केले ते त्यांना आठवत नाही. आरोप काय हे आरोपीला समजावून सांगितल्याशिवाय खटला पुढे सरकत नाही, हे आमच्या कोर्टातला नवा शिपाईसुद्धा जाणतो. इथे शेकडो वर्षे शिक्षा चालू आहे आणि कैद्याला गुन्हा माहीत नाही! एवढेच कशाला, त्याला नावही नाही. सनीला भेटायला जाताना नाव हवे म्हणून तो एका नटाचे नाव घेतो. हा भाग विनोदी आहे, मीही हसले. पण पुढे त्याला सगळे आठवते, राणीलाही आठवते, तेव्हा खरा न्याय होतो, आणि तो न्याय ती बाई करते. ती त्याच्यावर प्रेम करते हे तिने लपवलेले नाही. तरी या जन्मात मी तुला भेटणार नाही, मला देता येईल अशी हीच एक शिक्षा आहे, असे ठरवून ती हॉटेलला कुलूप लावते आणि निघून जाते. देवाने नऊशे वर्षांत जे केले नाही ते कोंबडी तळणारी सनी एका संध्याकाळी करते. हे पात्र लेखिकेने फार ताकदीने उभे केले आहे, आणि यू इन-ना या नटीने ते तितक्याच ताकदीने निभावले आहे. शिवाय राणी पुढच्या जन्मी हॉटेलवाली होते यात मालिकेला काहीही कमीपणा वाटत नाही, हेही नोंदवले पाहिजे. आपल्याकडच्या कर्मविपाकात असा फेरा म्हणजे अधःपतन ठरला असता.

आणि मग शेवट. उन-ताक मोठी होते, रेडिओवर कार्यक्रम करणारी होते, दोक्केबीशी लग्न करते. एक दिवस उतारावरून एक ट्रक बालवाडीच्या बसवर येऊन आदळणार असतो. ती आपली गाडी मध्ये घालते. पोरे वाचतात, ती मरते. यमदूतांच्या यादीत तिचे नाव नसते. का नसते? मालिकाच सांगते की, माणसाने स्वतःहून केलेला त्याग देवाच्या हिशेबात बसत नाही, म्हणून तो यादीत येत नाही. हे ऐकून मी मोबाइल खाली ठेवला. सोळा भागांचा देव, नशीब, नियोजित नवरी, तलवार, सगळे या एका वाक्याने मोडीत निघते. माणसाने निर्णय घेतला आणि नशिबाची यादी कोरी पडली!

इथे संपवायचे होते. पण लेखिका घाबरली. ती पोरगी पुन्हा जन्मते, पुन्हा शाळेच्या गणवेशात येते, क्वेबेकच्या त्याच टेकडीवर त्याच पुरुषासमोर उभी राहते आणि मागची आठवण सांगते. पूर्ण वाढलेली, कमावती, स्वतःच्या निर्णयाने मेलेली बाई मालिकेने परत शाळकरी मुलगी करून टाकली. पहिल्यापासूनच हे मला टोचत होते. नायक नऊशे वर्षांचा, दिसायला पस्तिशी-चाळिशीचा. नायिका कोरियन मोजणीने एकोणीस, आपल्या मोजणीने जेमतेम अठरा, पाठीवर दप्तर. कोरियातही 2013 पासून सज्ञान होण्याचे वय पूर्ण एकोणीस वर्षे आहे. तिला घर नाही, पैसा नाही, मावशीचा मार आहे. त्याच्याकडे घर, सोन्याच्या विटा आणि चमत्कार आहेत. अशा व्यवहारात संमतीला किती किंमत असते हे मी कौटुंबिक न्यायालयात रोज पाहते. ‘नियोजित नवरी’ म्हटले की मुलीचे ‘नाही’ आधीच खोडून टाकलेले असते. तिचे काम काय, तर त्याच्या छातीतली तलवार उपसणे. त्याचे दुःख, त्याची मुक्ती, त्याचा शाप. तिचा जन्मच त्यासाठी! उन-ताक तोंडाळ आहे, भांडते, आपला हिशेब मागते, किम गो-उनने ते झकास केले आहे, म्हणून हा अन्याय पाहताना लगेच जाणवत नाही एवढेच.

बाकी उणिवा किरकोळ. मधले चार-पाच भाग रेंगाळतात. पात्रे अचानक सँडविचच्या दुकानात, कॉफीच्या दुकानात जाऊन बसतात आणि मग कळते की ही जाहिरात आहे. पार्क जुंग-हॉनचे भूत नऊशे वर्षे काय करत होते, याचा नीट उलगडा नाही. छायाचित्रण मात्र अप्रतिम आहे. बकव्हीटच्या पांढऱ्या फुलांचे ते शेत डोळ्यांपुढून हलत नाही. यमदूतांची कचेरी, कागदपत्रे, वरिष्ठांचे मेमो पाहून आमच्या तहसील कार्यालयाची आठवण आली. मेल्यावरही फाईल असतेच!

एवढा खटाटोप कशासाठी, असे अजूनही कुणाला वाटत असेल तर त्याच आठवड्यातली एक गोष्ट सांगते. पोटगीच्या प्रकरणात माझ्याकडे एक बाई आली. वय तीसच्या आत, आपलीच, घरात बावीस प्रतिज्ञांची तसबीर लावलेली. नवऱ्याने दोन लेकरांसह बाहेर काढले. अर्जावर सही करताना थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मागल्या जन्मी म्याच काई केलं असन, मनून भोगून राह्यली." तिने ‘गॉब्लिन’ पाहिलेली नव्हती. तिला हे शेजारणीने सांगितले होते, टीव्हीवरच्या बाबाने सांगितले होते, सासूने सांगितले होते. चौदा ऑक्टोबर 1956 ला आपण जे नागपूरच्या मैदानावर टाकून आलो ते मागच्या दाराने कसे आत येते, ते मला त्या टेबलावर दिसले. मी तिला मिलिंदप्रश्न सांगितला नाही. या जन्मी नवऱ्याने काय केले ते तारखेवार लिहायला लावले. चार पाने भरली.

पुढच्या रविवारी मी वर्गात त्या बारावीतल्या मुलीला उत्तर दिले ते साधारण वर लिहिले तसेच. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण ताई, ट्रकच्या मध्ये गाडी घातली तेव्हा तिला पुन्हा जन्म मिळेल हे माहीत नव्हतं ना? मग ते खरंच झालं." मी म्हटले, हो, तेवढे खरेच. मागच्या बाकावरच्या एका उपासिकेने विचारले की ही मालिका कोणत्या चॅनलवर लागते. येत्या रविवारी समशिन आणि शिक्षिकेचा प्रसंग विहारात लॅपटॉपवर दाखवायचे ठरले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या आपल्या दोन मॅडमनाही बोलावले आहे. त्या येतो म्हणाल्या आहेत.